लहानूची हरकत

डोंगराच्या पायथ्याशी उंबरखळी नावाचं गाव होतं, आणि त्या गावात लहानू नावाचा एक भोळा माणूस शेळ्या राखायचा. घरच्या शेळ्या थोड्या, गावाच्याच जास्त. सकाळी तो गल्लीतून हाळी द्यायचा. बायका आपापल्या शेळ्या सोडायच्या. सगळ्या गोळा करून लहानू गायरानात जायचा. गायरान म्हणजे गावाच्या वरच्या अंगाचा, पंचायतीच्या ताब्यातला सरकारी माळ. तिथे बोरी होत्या, बाभळी होत्या, पावसाळ्यात गुडघाभर गवत असायचं. गावाला दुसरीकडे चराई नव्हती. राखणीबद्दल घरोघरून धान्य मिळायचं, त्यावर लहानूचं आणि त्याच्या बायकोचं पोट चालायचं. बायकोचं नाव हौसा.

लहानू कामाला वाईट नव्हता. एखाद्या शेळीचा पाय मुरगळला तर तिला खांद्यावर घेऊन घरी पोचवायचा. फक्त त्याला सांगाल ते तो करायचा. सांगितलं तेवढंच करायचा आणि सांगितलं तसंच करायचा.

हौसा म्हणायची, "माणूस सोन्यासारखा आहे. पण सोन्याला तरी कुठं अक्कल असते."

गावात दुधाची डेअरी होती. तिथला भानुदास सकाळी दूध मोजून घ्यायचा आणि मोजता मोजता मोबाइलवर आलेलं सगळं मोठ्याने वाचून दाखवायचा. दुधात पाणी किती आहे हे बघायला भानुदासकडे यंत्र होतं. बातमीसाठी तसं यंत्र नव्हतं.

एके दिवशी भानुदासने वाचलं, "सरकार शेळ्यांवर पट्टी बसवणार. शिंगं मोजणार. ज्याच्या दारात शेळी दिसेल त्याचं रेशन बंद. ही बातमी दहा जणांना पाठवा."

लहानूकडे मोबाइल नव्हता. तो पळत दहा घरी जाऊन सांगून आला. मग घरी गेला. हौसा कांदे खुरपायला गेली होती. दारात शेळी दिसायला नको, म्हणून लहानूने आपल्या सगळ्या शेळ्या घरात घेतल्या. शिंगं मोजता यायला नकोत, म्हणून हौसाची लुगडी काढून एकेकीच्या डोक्याला फेटा बांधला. दार लावलं, कडी घातली आणि बाहेर राखण करत बसला.

संध्याकाळी हौसा आली. तिने दार उघडलं. शेळ्यांनी कोपऱ्यातली ज्वारी खाल्ली होती. गोधडी खाल्ली होती. एकमेकींचे फेटे सोडवून खाल्ले होते. आणि फळीवरचं रेशनकार्ड एका करडीने अर्धं खाऊन उरलेलं तोंडात धरलं होतं.

"हे काय केलंत?" हौसा म्हणाली.

"सरकार रेशन बंद करणार होतं."

"मग?"

लहानूने करडीच्या तोंडाकडे बघितलं. "झालं की बंद," तो म्हणाला. "बातमी खरी होती."

हौसा उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "अहो, कुणी काही वाचून दाखवलं म्हणून ते खरं होत नाही. आधी आपल्या डोळ्यांनी बघावं. डोळ्यांना दिसलं तर खरं मानावं."

"बरं," लहानू म्हणाला. "पुढच्या वेळी तसंच करीन."

ही गोष्ट गावात कळली तेव्हा गाव खूप हसलं. आपापल्या शेळ्या घरात बांधून ठेवून हसलं.

पुढे काही दिवसांनी जनावरांचे डॉक्टर मोटारसायकलवरून आले. मागे बर्फाचा डबा होता, डब्यात लस होती. गावात सगळे गोठे रिकामे, म्हणून ते थेट गायरानात गेले.

"लहानू, शेळ्या धर एकेक. टोचायचं आहे. पलीकडच्या गावात साथ आली आहे."

"काय होतं साथीत?"

"नाक गळतं, तोंड येतं, शेळी मरते."

"कुठाय?" लहानू म्हणाला.

"काय कुठाय?"

"साथ. मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय खरं मानत नाही."

डॉक्टर म्हणाले, "अरे, ती दिसत नसते. आत असते."

लहानूने एक शेळी धरली. तिचं तोंड उघडून आत बघितलं. मग दोन्ही कानांत बघितलं. शेपटी उचलून तिकडूनही बघितलं.

"आत नाही," तो म्हणाला.

"या शेळीला अजून झालेली नाही. होणार आहे, म्हणून आधी टोचायचं."

"मग झाली की या."

डॉक्टरांनी कपाळाचा घाम पुसला. त्यांना आणखी तीन गावं करायची होती आणि डब्यातला बर्फ वितळत होता. त्यांनी खाली येऊन डेअरीवर विचारलं. डेअरीवर सकाळीच वाचून झालं होतं की, लस टोचलेली शेळी पुन्हा गाभण राहत नाही. त्यामुळे गावात कुणी दार उघडलं नाही. डॉक्टर डबा घेऊन पुढच्या गावाला गेले.

साथ आली. शेळ्यांची नाकं गळली, तोंडं आली. लहानूने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आणि तो चालत तालुक्याला गेला.

"डॉक्टर," तो म्हणाला, "आता दिसतीय. चला."

डॉक्टर लगेच निघाले. औषध घेऊन आले. काही शेळ्या वाचल्या, काही गेल्या. गेल्या त्यांत लहानूची कबरी शेळी होती. लहानूने तिला गायरानाच्या कडेला पुरलं आणि दोन दिवस जेवला नाही. म्हणून हौसा त्या वेळी ओरडली नाही. भाकरीचा तुकडा त्याच्यापुढे धरून एवढंच म्हणाली, "सगळंच डोळ्यांना दिसत नाही हो. जे दिसत नाही ते चार माणसांना विचारावं. चार माणसं सांगतील ते ऐकावं."

"बरं," लहानू म्हणाला. "पुढच्या वेळी चौघांना विचारीन." आणि तुकडा खाल्ला.

गावात धोंडीबा नाना म्हणून एक म्हातारे होते. काठी हातात आणि तोंडात शिवी. नानांचा नातू पुण्याला होता. नानांचा वाढदिवस आला तेव्हा नातवाने नानांचा फोटो मोबाइलवर गावाला पाठवला. फोटोच्या भोवती झेंडूची फुलं होती, खाली समई होती. आणखी खाली काहीतरी लिहिलं होतं, पण अक्षर नागमोडी होतं आणि भानुदासचा चष्मा घरी होता.

"फोटोला फुलं आहेत," भानुदास म्हणाला. "समई आहे. नाना गेले."

कुणीतरी टोपी काढली.

लहानू शहाणा झाला होता. त्याने लगेच खरं मानलं नाही. आधी चौघांना विचारलं.

"भानुदास, नाना गेले?"

"गेले."

"गणपतदादा, नाना गेले?"

"गेले बाबा. फोटो बघितला मी."

"विठोबा, तुम्ही?"

"मी पण बघितला. चांगला होता माणूस."

"आणि पंढरीशेठ?"

"आता काय सांगायचं," पंढरीशेठ म्हणाले. "काल स्वप्नात आले होते."

चौघे झाले. लहानूने बांबू तोडले, सुतळी घेतली, कुंभाराकडून मडकं घेतलं आणि नानांच्या दारात जाऊन तिरडी बांधायला बसला.

नाना ओट्यावर भाकरी खात होते. ठेच्याने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"काय करतोस रे लहान्या?"

"तिरडी बांधतोय, नाना."

"कुणाची?"

"तुमची."

नानांचा घास हातातच राहिला. "मी जिवंत आहे की."

लहानूला वाईट वाटलं. तो समजुतीने म्हणाला, "नाना, तुम्ही एकटेच तसं म्हणताय. ते चौघे म्हणतात, गेले."

"अरे गाढवा, मी तुझ्यासमोर भाकरी खातोय."

"दिसतंय मला. पण हौसा म्हणाली, डोळ्यांवर जाऊ नका, चौघांचं ऐका. उठा नाना. ऊन चढायच्या आत उरकू."

तेवढ्यात ते चौघे आले. डोक्याला उपरणी बांधलेली, चेहरे पाडलेले. नानांना बघून ते जागच्या जागी थांबले. गणपतदादांनी उपरणं सोडून खिशात घातलं. पंढरीशेठ म्हणाले, "नाना, इकडून चाललो होतो. म्हटलं, तब्येत विचारावी." आणि चौघे मागच्या मागे परतले. बांबू लहानूच्या हातात होता, म्हणून काठी लहानूला बसली.

हौसाने रात्री हळद लावली. लावता लावता म्हणाली, "माणूस समोर बसलाय आणि तुम्ही त्या चौघांचं धरून बसलात. त्या चौघांनी एकच फोटो बघितला होता. ज्याची गोष्ट त्यालाच विचारावी हो. त्याच्या तोंडून ऐकावी."

"बरं," लहानू कण्हत म्हणाला. "पुढच्या वेळी ज्याचं त्यालाच विचारीन."

पुढची वेळ लवकरच आली. गायरानाच्या खालच्या बाजूला गावाची विहीर होती. तिच्यावरच्या मोटारीने टाकीत पाणी चढायचं आणि नळाला यायचं. एका दुपारी लहानू शेळ्यांना पाणी दाखवायला तिकडे गेला, तर दोन अनोळखी माणसं पाने घेऊन मोटार सोडवत होती. शेजारी टेम्पो उभा होता.

लहानू थोडा वेळ बघत राहिला. मग त्याने विचारलं, "तुम्ही चोर आहात का?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"नाही," त्यातला एक म्हणाला.

"बरं झालं विचारलं," लहानू म्हणाला. "नाहीतर उगाच मनात आलं असतं."

"मोटार दुरुस्तीला नेतोय," दुसरा म्हणाला. "जड आहे. जरा हात देता का?"

लहानूने हात दिला. टेम्पोत मोटार हलेल म्हणून स्वतःच्या कमरेची दोरी सोडून बांधून दिली. जाताना त्या दोघांनी त्याला रामराम केला. लहानूला ती माणसं फार आवडली.

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी सगळं गाव लहानूच्या दारात आलं.

"चोराला चोर आहेस का विचारतो," गणपतदादा म्हणाले. "आणि तो नाही म्हटला की याला पटतं. असला माणूस जगात दुसरा नसेल."

हौसा घागर घेऊन विहिरीवर निघाली होती. ती थांबली. "का हो गणपतदादा," ती म्हणाली, "निवडणुकीत रंगनाथआप्पा मत मागायला आले होते. तुम्ही त्यांना काय विचारलंत?"

"काय विचारलं?"

"आप्पा, निवडून आल्यावर गावाचं काही खाणार नाही ना, असं विचारलंत. मी ऐकलंय. ते काय म्हणाले?"

"नाही म्हणाले."

"मग तुम्ही काय केलंत?"

गणपतदादा म्हणाले, "आप्पांची गोष्ट वेगळी आहे."

"वेगळी कशी?"

"ते देवळात उभे राहून नाही म्हणाले होते."

हौसाने घागर खाली ठेवली. माणसं गेल्यावर ती लहानूकडे वळली. "आणि तुम्ही नीट ऐका. गावाची वस्तू कुणी न्यायला आलं, तर ती ज्यांच्या रोजच्या उपयोगाची आहे त्यांना आधी बोलवायचं. सगळ्यांना समोर उभं करायचं. त्यांची हरकत नसेल तरच ती वस्तू जाऊ द्यायची. ध्यानात राहील?"

"राहील," लहानू म्हणाला. "ज्यांच्या उपयोगाची, त्यांना उभं करीन."

आता रंगनाथआप्पा म्हणजे गावाचे सरपंच. त्यांच्या मेहुण्याचं खडी क्रशर होतं. मेहुण्याच्या मनात उंबरखळीचं गायरान भरलं होतं, कारण गवताखाली चांगला काळा दगड होता. आप्पांनी ठरवलं, गायरान मेहुण्याला भाड्याने द्यायचं. पण त्याला ग्रामसभेचा ठराव लागतो. म्हणून त्यांनी ग्रामसभा लावली.

हौसाला हे कळलं तेव्हा तिने लगेच हिशेब केला. गायरान गेलं की चराई गेली. चराई गेली की कुणी शेळी पाळणार नाही, आणि शेळ्या नाहीत तर लहानूला कोण काय देणार. दुसरं कुठलंही काम त्या माणसाच्या हातून धड होणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. ती घरोघर फिरली.

"सभेला या. आप्पा विचारतील तेव्हा नको म्हणा. एवढंच करायचंय."

"येतो की," सगळे म्हणाले. "आमच्याही शेळ्या आहेत."

सभेच्या दिवशी सकाळी भानुदासने डेअरीवर वाचलं, "ग्रामसभेला गेलेल्यांची सही घेतात आणि तीच संमती धरतात. सही केली की जमीन गेली. सभेला जाऊ नका. सभा पाडा. एक जागरूक नागरिक."

हौसा दूध घालायला आली होती. "हे कुणी पाठवलं?" तिने विचारलं.

"लिहिलंय की. एक जागरूक नागरिक."

"कोण पण तो?"

भानुदासने मोबाइल खालीवर करून बघितला. "नाव नाही. पण आपल्या बाजूचा दिसतोय."

"कशावरून?"

"आप्पांच्या विरुद्ध लिहितोय ना."

"तसं नाही हो भानुदासभाऊ. आपण गेलो नाही तर नको कोण म्हणणार?"

"हौसावहिनी," गणपतदादा म्हणाले, "तुम्ही आधी घरातल्याला शिकवा. गावाला नंतर शिकवा."

सगळे हसले. आणि कुणीही सभेला गेलं नाही. पुरेशी माणसं नव्हती, म्हणून सभा तहकूब झाली. गावाने देवळासमोर फटाके लावले. सभा पाडली म्हणून पंढरीशेठनी पेढे वाटले.

हौसा एकटी सभेला गेली होती. ग्रामसेवक भाऊसाहेब खुर्च्या उचलत होते. सरळ माणूस होता. तो तिला हळूच म्हणाला, "हौसाबाई, तहकूब झालेली सभा परत लागते. आणि त्या सभेला माणसं मोजत नाहीत. एक माणूस आला तरी सभा होते आणि ठराव होतो."

"मग आता?"

"हजर असलेल्यांपैकी एकाने जरी हरकत घेतली तरी मला ती लिहावी लागेल. हरकत लिहिली की तालुक्याचे साहेब जागा बघायला येणार. साहेबांनी चराई बघितली तर हे काम होत नाही. एक हात वर झाला तरी पुरे. पण तो वर झाला पाहिजे."

हौसाने हे गावात सांगितलं. गाव म्हणालं, "एकदा पाडली ना? परत पाडू."

दुसऱ्या सभेचा दिवस आला. त्याच दिवशी सकाळी निरोप आला की हौसाच्या लेकीला कळा सुरू झाल्यात, लगेच या. लेक पहिलटकरीण होती. तिच्या सासरी दुसरं बाईमाणूस नव्हतं. हौसा शेजारणीकडे गेली.

"जनाबाई, माझ्याऐवजी सभेला जाशील? हात वर करायचाय फक्त."

"गेले असते गं," जनाबाई म्हणाली. "पण ती सही."

हौसा आणखी चार दारं फिरली. चारही घरांत तेच उत्तर आलं. शेवटी ती घरी आली आणि लहानूसमोर बसली. त्याचे दोन्ही हात हातात घेतले.

"नीट ऐका. आज तुम्ही सभेला जायचं."

"जातो."

"आप्पा विचारतील, कुणाची हरकत आहे का? तेव्हा हात वर करायचा."

"वर."

"भाऊसाहेब विचारतील, काय हरकत आहे? तेव्हा सांगायची."

"सांगायची."

"मोठ्यानं."

"मोठ्यानं," लहानू मोठ्याने म्हणाला.

"शेरडांचं सगळं तुमच्या हातात आहे आता. त्यांचं पोट बघा."

"बघतो."

तिने त्याच्याकडून हात वर करून घेतला. चांगला उंच झाला. मग ती एस.टी.त बसली. खिडकीतून मागे बघितलं तर लहानू फाट्यावर उभा होता आणि त्याचा हात वर होता. गाडी वळणावर गेली तरी तो वरच होता. हौसाला जरा धीर आला.

सभा ग्रामपंचायतीच्या अंगणात होती. टेबलामागे आप्पा बसले होते, शेजारी त्यांचा मेहुणा. भाऊसाहेब वही घेऊन बसले होते. शिपाई उभा होता. समोर खुर्च्या होत्या, त्या रिकाम्या होत्या. लहानू आला आणि इकडेतिकडे बघू लागला.

"बस लहानू," आप्पा म्हणाले.

"काय न्यायचंय?" लहानूने विचारलं.

"न्यायचं काही नाही. गायरान द्यायचंय."

"कुणाचं आहे?"

"गावाचं."

"मग थांबा," लहानू म्हणाला. "गावाची वस्तू आहे. ज्यांच्या रोजच्या उपयोगाची, त्यांना आणतो." आणि निघून गेला.

आप्पांचा चेहरा उतरला. गाव गोळा करून आणतोय की काय, असं त्यांना वाटलं. भाऊसाहेबांनाही तसंच वाटलं, आणि त्यांनी खुर्च्या पुसून घेतल्या.

लहानूने गल्लीतून नेहमीची हाळी दिली. नेहमीप्रमाणे दारं उघडली, शेळ्या सुटल्या. त्या घेऊन तो सभेकडे निघाला. माणसं दारात उभी राहून बघत होती.

"येडं शेळ्या घेऊन सभेला चाललंय," गणपतदादा म्हणाले, आणि हसता हसता आपलीही एक शेळी त्यांनी कळपात लोटली.

अंगण भरलं. गावातल्या प्रत्येक घराची एक तरी शेळी आली होती. एवढी भरलेली सभा उंबरखळीत आजवर झाली नव्हती.

"हे काय?" आप्पा म्हणाले.

"गायरान यांच्या उपयोगाचं आहे," लहानू म्हणाला. "यांच्यासमोर विचारा. यांची हरकत नसेल तर न्या."

आप्पा रागाने उठायला लागले. पण मेहुणा व्यवहारातला माणूस होता. त्याने आप्पांना हाताने बसवलं आणि शिपायाला म्हणाला, "डेअरीवरून पेंडीचं पोतं आण. घमेली पण आण."

पेंड आली. घमेली मांडली. शेळ्यांनी माना खाली घातल्या.

मग आप्पा उभे राहिले. त्यांनी ठराव वाचला. गायरान इतक्या वर्षांसाठी, अमुक यांना, खडी काढण्यासाठी. शेळ्या खात होत्या. सगळ्या अंगणात नुसता चावण्याचा आवाज येत होता.

"या ठरावाला कुणाची हरकत आहे का?" आप्पांनी विचारलं.

कुणी मान वर केली नाही.

भाऊसाहेब लहानूकडे बघत होते. लहानू आप्पांकडे बघत नव्हता. तो शेळ्यांमधून फिरत होता. एकेकीपाशी थांबत होता, वाकून तिचं तोंड बघत होता, पाठीवरून हात फिरवत होता. फिरत फिरत तो मागच्या भिंतीपाशी गेला आणि तिथे थांबला.

मग त्याने हात वर केला. हौसाने शिकवला होता तितका उंच.

आप्पा खाली बसले. मेहुण्याने कपाळ धरलं. भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"बोला लहानू," ते म्हणाले. "काय हरकत आहे? घाबरू नका. मोठ्यानं सांगा."

"ही तांबडी मागं राहिलीय," लहानू मोठ्याने म्हणाला. "हिला पेंड पोचलेली नाही."

मग मेहुण्याने शिपायाला खूण केली. शिपायाने दोन ओंजळी पेंड नेऊन तांबडीपुढे टाकली. तांबडीने मान खाली घातली.

"आणखी काही?" भाऊसाहेबांनी विचारलं. त्यांचं पेन अजून उघडंच होतं. "लहानू, नीट आठवा. आणखी काही सांगायचंय का?"

लहानूने पुन्हा सगळीकडे नीट बघितलं. एकही मान वर नव्हती. त्याने हात खाली घेतला.

"नाही भाऊसाहेब," तो म्हणाला. "आता कुणाचीच हरकत नाही."